मधमाश्या आणि इतर कीटकांचे फोटो काढणं, त्यांची ओळख पटवणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथले बहुतेक प्रश्न महाराष्ट्र आणि गोव्यातल्या लोकांना पडतात तसे आहेत, त्यामुळे उदाहरणंही इथलीच घेतली आहेत. एक गोष्ट आधीच सांगते, कारण खालच्या निम्म्या उत्तरांत तीच परत परत येणार आहे. फोटो छान येणं वेगळं आणि त्या फोटोवरून कीटक ओळखता येणं वेगळं. पार्श्वभूमी धूसर, फुलावर ऊन आणि माशी पाठमोरी, असा फोटो भिंतीवर लावायला मस्त आहे पण त्यावरून ती कोण हे सांगता येईलच असं नाही. दोन्ही जमवता येतं, थोडी सवय लागते.

फुलावर बसलेली ती मधमाशीच आहे हे कसं ओळखायचं?

आधी पंख बघा. माश्यांना (म्हणजे घरमाशीच्या नातेवाइकांना) पंखांची एकच जोडी असते, मधमाशी आणि गांधीलमाशीला दोन. बसलेल्या मधमाशीचे पुढचे-मागचे पंख एकमेकांत अडकलेले असतात म्हणून ते वेगळे दिसत नाहीत, त्यामुळे फक्त पंखांवर विसंबू नका, तोंडाकडे या. मधमाशीच्या मिशा लांब आणि मधेच कोपरासारख्या वाकलेल्या असतात, माशीच्या मिशा इतक्या आखूड की फोटोत शोधाव्या लागतात. माशीचे डोळे जवळजवळ सगळं डोकं व्यापतात, मधमाशीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना लांबट असतात.

सगळ्यात जास्त फसवते ती सिर्फिड माशी, तिलाच हॉवरफ्लाय म्हणतात. अंगावर पिवळे-काळे पट्टे, फुलावर बसते, हवेत एका जागी स्थिर उभी राहते. "माझ्या बाल्कनीत मधमाशी आली" म्हणून येणाऱ्या फोटोंत ही खूप वेळा असते. ती डंख मारत नाही, तिच्या बऱ्याच जातींच्या अळ्या मावा खातात, तेव्हा ती दिसली तर आनंदच माना. काहींच्या डोळ्यांवर ठिपके असतात, एरिस्टॅलिनस नावाच्या गटात तर फार सुंदर, जवळून फोटो काढून बघाच.

गांधीलमाशीचं अंग गुळगुळीत, कंबर बारीक, पाय सडपातळ, आणि कागदी घर करणाऱ्या गांधीलमाश्या बसल्यावर पंख उभे घडी घालून ठेवतात त्यामुळे पंख एकदम अरुंद दिसतात. मधमाशीच्या अंगावर लव असते आणि मादीच्या अंगावर पराग साठवायची काहीतरी सोय असते, पायावर नाहीतर पोटाखाली. परागाचा गोळा दिसला की निम्मं काम झालं.

अजून एक, अनंताच्या झाडाभोवती दिसणारा पारदर्शक पंखांचा, हिरवट-पिवळ्या अंगाचा, हवेतच थांबून मध पिणारा गुबगुबीत जीव. लोक त्याला बंबलबी म्हणतात. तो पतंग आहे, सेफोनोडेस हायलस. बंबलबी भारतात हिमालयात आणि ईशान्येकडच्या डोंगरांत असतात, आपल्याकडे कुणी "बंबलबी दिसली" म्हटलं तर तो हा पतंग असतो किंवा मग भुंगा.

आपल्याकडे मधमाश्या किती प्रकारच्या आहेत?

मध साठवणाऱ्या म्हणाल तर पाच नावं लक्षात ठेवा: आग्या, सातेरी, फुलोरी, मेलिफेरा आणि पोया.

आग्या म्हणजे एपिस डॉर्साटा. सगळ्यात मोठी, १७ ते २० मिलिमीटर, पंख धुरकट, पोटाचा पुढचा भाग नारिंगी आणि मागचा काळपट. कडा, उंच झाड, पाण्याची टाकी, पुलाची कमान अशा ठिकाणी एकच मोठं उघडं पोळं लटकतं, कधीकधी मीटरभर रुंद.

सातेरी म्हणजे एपिस सेराना, १० ते ११ मिलिमीटर, पोटावर एकसारखे पट्टे. ही पोकळीत राहते, झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या खोबणीत, आणि आत एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते. पेटीत ठेवतात ती हीच, महाबळेश्वरच्या भागात पिढ्यानपिढ्या ठेवतायत. तिथलं मांघर गाव २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं ते याच मधपाळांमुळे.

फुलोरी म्हणजे एपिस फ्लोरिया, छोटी, पोटाचा सुरुवातीचा भाग तांबूस आणि पुढे काळे-पांढरे पट्टे. झुडपात, कुंपणावर, बाल्कनीच्या ग्रिलवरसुद्धा तळहाताएवढं पोळं करते, फांदीभोवती गुंडाळल्यासारखं. पोळ्याच्या दोन्ही बाजूंना फांदीवर चिकट थर लावते, मुंग्या येऊ नयेत म्हणून. तो थर फोटोत आला तर फार छान.

मेलिफेरा बाहेरून आणलेली, भारतात ती १९६० च्या दशकात हिमाचलमध्ये रुजली आणि तिथून सगळीकडे गेली. फोटोत सातेरी आणि मेलिफेरा यांची गल्लत नेहमी होते. मेलिफेरा थोडी मोठी, पोटाचा पुढचा भाग जास्त पिवळा. नक्की सांगायचं तर मागच्या पंखात सातेरीची एक शीर पुढे वाढलेली असते जी मेलिफेरात नसते, पण त्यासाठी मागचा पंख स्वच्छ दिसायला हवा. आजूबाजूला सूर्यफुलाचं शेत आणि पेट्यांची रांग असेल तर बहुधा मेलिफेराच.

पोया किंवा डंखरहित माशी एवढीशी, ३ ते ५ मिलिमीटर, काळी. लोक तिला चिलट समजून सोडून देतात. भिंतीतल्या फटीतून बाहेर आलेली मेण-डिंकाची छोटी नळी दिसली तर ते तिचं दार. माशीपेक्षा त्या नळीचा फोटो सोपा, आधी तो काढा.

घाटातल्या काळपट सातेरीला २०२२ मध्ये काही अभ्यासकांनी एपिस करिंजोडियन असं वेगळं नाव दिलं, पंखांच्या शिरांच्या मापांवरून. त्यावर मतभेद आहेत. फुलावरच्या फोटोवरून ते ठरवायला जाऊ नका, "सातेरी" एवढं पुरेसं आहे.

मग बाकीच्या? मोहोळ न करणाऱ्या माश्याही असतात ना?

असतात, आणि खरं सांगायचं तर माझा जीव त्यांच्यातच जास्त रमतो. जगात मधमाशी-कुळातल्या वीस हजारांहून जास्त जाती आहेत, भारतातून सातशेच्या वर नोंदल्यात, आणि त्यातल्या बहुतेक एकेकट्या राहतात, राणी नाही, पोळं नाही, मधाचा साठा नाही. एकटी मादी बीळ करते, परागाचा लाडू ठेवते, त्यावर अंडं घालते, दार बंद करून निघून जाते. आपण "मधमाश्या वाचवा" म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर पेटी येते, या माश्या कुणाच्या गावीही नसतात आणि तुमच्या कुंडीत रोज येऊन जातात.

भुंगा सगळ्यांना माहीत आहे, झायलोकोपा. मोठा, काळा, पंखांवर निळी-जांभळी चमक, वाळकं लाकूड किंवा बांबू पोखरून आत घर करतो. छातीवर पिवळी लव असलेली काळी मादी आणि अख्खा सोनेरी नर हे एकाच जातीचे असू शकतात, म्हणून वेगळे कीटक समजून दोन नावं देऊ नका. नराला नांगी नसते, तो नुसताच अंगावर धावून येतो. भीमाशंकरच्या जंगलात एक भुंगा आहे, झायलोकोपा ट्रँक्वेबारिका, जो रात्री उडतो, आणि चांदण्यांच्या उजेडातसुद्धा त्याला रंग ओळखता येतात हे २००८ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं. आपल्या सह्याद्रीत असा जीव आहे हे शाळेत कुणी सांगत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

निळ्या पट्ट्यांची माशी म्हणजे अमेगिला. पोटावर चमकते निळसर पट्टे, आवाज बारीक, आणि इतकी चपळ की फुलावर सेकंदभर थांबेल तर शपथ. वांगी-टोमॅटोच्या फुलाला धरून ती छातीचे स्नायू थरथरवते आणि पराग झाडून घेते, हे काम सातेरी किंवा मेलिफेराला जमत नाही. तिच्या घरट्यात चोरून अंडी घालणारी कोकीळ-माशी म्हणजे थायरियस, काळ्या अंगावर निळे-पांढरे ठिपके. ती पराग गोळा करत नाही त्यामुळे पाय मोकळे दिसतात.

पानं कापणारी माशी, मेगाकाइली. गुलाबाच्या किंवा बोगनवेलीच्या पानाच्या कडेला कंपासने आखल्यासारखी अर्धगोल कापणी दिसली की ती आसपास आहे. औषध मारू नका हो, झाडाला काही होत नाही. ही पराग पायावर नेत नाही, पोटाखालच्या केसांत नेते, त्यामुळे पोट खालून पिवळं दिसतं.

शिवाय सेराटिना, छोट्या, धातूसारख्या हिरव्या, वाळक्या काडीच्या पोकळीत राहणाऱ्या. आणि हॅलिक्टिड कुळातल्या, ज्यातल्या काही आपला घाम प्यायला हातावर बसतात. बसू द्या, आणि दुसऱ्या हाताने फोटो काढा.

नुसत्या फोनवर होतं का, की कॅमेरा घ्यावाच लागेल?

होतं. सुरुवात फोनवरच करा. फोनचा मॅक्रो मोड बऱ्याचदा वाइड लेन्स वापरतो आणि कीटकाच्या अगदी दोन-चार सेंटिमीटर जवळ जावं लागतं, तोवर माशी उडते किंवा फोनची सावली पडते. त्यापेक्षा दोन किंवा तीन पट झूमची वेगळी लेन्स असेल तर ती लावून हातभर लांबून काढा आणि नंतर क्रॉप करा. क्लिप लावायची मॅक्रो लेन्स मिळते, ती मुंगी, पोया, ढालकिडा अशा छोट्या आणि फार न हलणाऱ्या कीटकांना चांगली. स्क्रीनवर बोट दाबून फोकस लॉक करा आणि मग फोनच हळूहळू पुढे-मागे न्या.

कॅमेरा असेल आणि मॅक्रो लेन्सला पैसे नसतील तर साधी ५० मिलिमीटरची लेन्स रिव्हर्स रिंगने उलटी लावा, किंवा आहे त्या लेन्सच्या पुढे रेनॉक्स २५० सारखी क्लोज-अप काच बसवा. घ्यायचीच असेल तर १०० मिलिमीटरच्या आसपासची मॅक्रो घ्या, अंतर मिळतं. ६० ची स्वस्त असते पण मधमाशीच्या फार जवळ जावं लागतं.

ओळख पटण्यासाठी नेमके कुठले फोटो हवेत?

या पानावरचं एकच उत्तर वाचायला वेळ असेल तर हे वाचा.

पाठीवरून एक, म्हणजे छाती आणि पोटावरचे पट्टे दिसतील असा. बाजूने एक, ज्यात मागचा पाय पूर्ण दिसेल. समोरून चेहऱ्याचा एक. आणि जमलं तर पंखांचा, पसरलेले असताना, शिरा मोजता येतील इतका स्वच्छ. पहिला फोटो लांबूनच काढा, कसाही, कारण माशी पुढच्या क्षणी उडाली तर निदान तो राहतो, मग एकेक पाऊल पुढे सरका.

यातला प्रत्येक फोटो काहीतरी सांगतो. मागच्या पायावर चकचकीत सपाट टोपलीसारखा खोलगट भाग आणि त्यात दाबून बसवलेला ओलसर गोळा असेल तर मोहोळ करणारी माशी. पायावर नुसते दाट केस आणि त्यात कोरडा पराग असेल तर एकटी राहणारी. पराग पोटाखाली असेल तर मेगाकाइलीच्या कुळातली. चेहऱ्यावर पिवळा-पांढरा रंग असेल तर बऱ्याच गटांत तो नर असतो, आणि मिशीचे भाग मोजता आले तर प्रश्नच मिटला, नराला १३, मादीला १२. पंखाच्या वरच्या कडेजवळचे छोटे कप्पे मोजा, मेगाकाइलीत दोन असतात, मधमाशी, भुंगा आणि अमेगिलात तीन. पट्ट्यांचा रंग बघताना मात्र जपून, जुन्या माशीची लव झडते, ओली झाली की रंग बदलतो, उन्हात फ्लॅश मारला की निळ्याचा हिरवा होतो.

फुलाचाही फोटो काढा, पानासकट. तुळशीवर होती, तुंब्यावर होती, घागरीवर होती, यावरून ओळखणाऱ्याला खूप मदत होते. आकाराचा अंदाज लिहून ठेवा, "सातेरीपेक्षा जरा मोठी" एवढं चालतं. आणि कीटक जिथे होता तिथे जमिनीत बीळ होतं का, भिंतीत भोक होतं का, तेही.

सेटिंग काय ठेवू?

कीटक त्याच्या खऱ्या आकाराएवढा सेन्सरवर घेतला तर एफ ११ (हा लेन्सच्या छिद्राचा आकडा, आकडा मोठा तितकं छिद्र छोटं) ठेवूनही जेमतेम मिलिमीटरभर खोलीच फोकसमध्ये येते. म्हणून नवखे लोक एफ २२ वर जातात आणि मग सगळा फोटोच मऊ येतो, कारण इतक्या जवळून छिद्र प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट आकड्याचं काम करत असतं. एफ ८ ते ११ मध्ये राहा, फोकस डोळ्यावर ठेवा, आणि कीटकाचं अंग सेन्सरला समांतर येईल असं स्वतः सरका, म्हणजे आहे त्या मिलिमीटरात जास्तीत जास्त माशी बसते.

मॅक्रोत हात थोडा हलला तरी दिसतं. उन्हात शटर १/५०० च्या वर ठेवा. मधमाशी सेकंदाला २०० च्या वर वेळा पंख हलवते त्यामुळे उडताना पंख गोठवायचे तर शटर पुरत नाही, कमी पॉवरवरचा फ्लॅश लागतो, त्याचा झोतच सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही खूप छोटा असतो. फ्लॅशपुढे डिफ्यूझर, म्हणजे उजेड पसरवून मऊ करणारा पडदा, हवाच, नाहीतर चकचकीत ढालकिड्याच्या पाठीवर पांढरा डाग आणि बाकी काळोख. बाजारातला नको असेल तर थर्माकोलची पातळ शीट किंवा ट्रेसिंग पेपर वाकवून लावा, तेवढं पुरतं. आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते सांगणारा आकडा) वाढवायची फार भीती बाळगू नका, थोडे दाणे आले तरी शिरा मोजता येतात, हललेल्या फोटोत नाही येत.

माशी थांबतच नाही, काय करू?

तिच्यामागे धावू नका. फुलांचा एक चांगला झुबका निवडा आणि तिथे बसा, ती परत येते, बहुतेक माश्या ठरलेल्या फेरीने फुलं घेतात. कडक उन्हापेक्षा सकाळी लवकर जा, गारव्यात त्या मंद असतात. हालचाल हळू, आणि सावली फुलावर पडू देऊ नका.

अमेगिलासाठी एक युक्ती आहे आणि ती मला सगळ्यात आवडते. संध्याकाळी उशिरा किंवा पहाटे गवताच्या काड्या, वाळक्या फांद्यांची टोकं तपासा. अमेगिलाचे नर जबड्याने काडी घट्ट पकडून झोपतात, पाय सोडून, कधी एकाच काडीवर ओळीने. थायरियसही तसाच झोपतो. दिवसा एक धड फोटो न देणारी माशी तेव्हा चेहरा, मिशा, पंख सगळं निवांत देते. टॉर्च थेट डोळ्यांवर मारू नका आणि काडी तोडू नका.

कुठे आणि कधी जाऊ?

पहिलं ठिकाण तुमची तुळस. मंजिरी खुडू नका, येऊ द्या, तिच्यावर फुलोरी, सातेरी, अमेगिला, सेराटिना, सिर्फिड सगळे येतात. मी तर म्हणते ज्याला हा नाद लावून घ्यायचा आहे त्याने आधी दोन कुंड्या तुळस लावावी, लेन्स नंतर. शेवगा फुलला की खाली उभे राहा. कोथिंबीर, बडीशेप, मुळा काढून न टाकता फुलावर येऊ द्या. मेक्सिकन क्रीपरची गुलाबी वेल कंपाउंडवर असेल तर सोनं. रस्त्याकडेची एकदांडी आणि तुंबा यांना कमी समजू नका.

गावाकडे असाल तर कारळं, तीळ, तूर, सूर्यफूल फुलोऱ्यात असताना बांधावर बसा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस आणि काटेसावर. पाऊस ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सगळीकडेच बहर असतो, पठारांवर सोनकी, तेरडा, कवला, आणि कारवीचं वर्ष असेल तर विचारूच नका.

कासला किंवा अभयारण्यात फोटोला परवानगी लागते का?

कासला हंगामात प्रवेश शुल्क आणि बुकिंग असतं, जाण्याआधी बघून घ्या. वाट सोडून फुलांत आडवं पडून मॅक्रो काढू नका, एका फोटोसाठी चिरडलेल्या 'सीतेची आसवं' या इवल्या फुलांकडे बघवत नाही. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात कॅमेऱ्याचं वेगळं शुल्क असू शकतं, फाटकावर विचारा. कीटक पकडणं किंवा गोळा करून आणणं मात्र वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय चालत नाही, मेलेला सापडला तरी उचलू नका.

आग्या मोहोळाचा जवळून फोटो काढता येईल का?

नाही. लांबून, टेलिफोटोने, फ्लॅश न वापरता, एवढंच. गडकिल्ल्यांवर आग्या उठल्याच्या बातम्या दरवर्षी येतात, आणि बऱ्याच वेळा धूर, दगड किंवा आरडाओरडा कारण असतो. अत्तर, डिओ लावून जाऊ नका, ड्रोन तर अजिबात नाही.

उठलंच मोहोळ तर तोंड-डोकं झाकून सरळ पळा, गाडीत किंवा बंद खोलीत शिरा. हात झटकू नका. पाण्यात उडी मारू नका, त्या वर घिरट्या घालत थांबतात. डंख मारलेल्या जागी जो वास सुटतो त्यावर बाकीच्या येतात म्हणून थांबायचं नाही, आधी लांब जायचं, मग नांग्या नखाने किंवा कार्डाने खरवडून काढायच्या, पटकन, कारण नांगी अंगात असेपर्यंत विष आत जात राहतं. श्वास लागला, चेहरा-जीभ सुजली, चक्कर आली किंवा खूप डंख असतील तर लगेच दवाखाना, घरगुती उपाय करत बसू नका.

सोसायटीत मोहोळ लागलंय, काय करू?

आधी फोटो काढून कुठलं ते बघा. फुलोरी किंवा पोया असेल तर कृपया राहू द्या. लटकलेला नुसता घोळका असेल, पोळं नसेल, तर तो थवा विश्रांतीला थांबलेला असू शकतो आणि आपणहून निघून जातो. आग्या अगदी ये-जा असलेल्या जागी असेल तर जाळू नका, पेस्ट कंट्रोलही नको, पोळं न मारता हलवणारी प्रशिक्षित माणसं असतात. पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, १९६२ पासून, तिथे चौकशी करता येते.

फ्रीजमध्ये थोडा वेळ ठेवला की कीटक हलत नाही, मग फोटो छान येतो असं ऐकलंय.

करू नका. गारठलेल्या कीटकाची बसण्याची ढब चुकीची येते, मिशा पडलेल्या, पाय आखडलेले, आणि बघणाऱ्याला ते कळतं. बाहेर काढल्यावर तो वाचेल याचीही खात्री नसते. गोंद, सुई, साखरपाण्याचे फवारे यातलंही काही नको. पहाटे उठा, निसर्गच त्यांना गारवा देतो.

अॅपने नाव सांगितलं, ते खरं मानू का?

सुरुवात म्हणून घ्या. आयनॅचरलिस्ट चांगलं आहे, मी स्वतः वापरते, पण यंत्राला ज्या भागातले फोटो जास्त मिळालेत तिथली नावं ते जास्त सुचवतं, म्हणून आपल्या बाल्कनीतल्या माशीला कधीकधी अमेरिकेतल्या जातीचं नाव येतं. सुचवलेल्या जातीच्या नकाशावर एकदा बोट ठेवा, भारतात नोंदच नसेल तर वरच्या पायरीवर जा, म्हणजे प्रजाती (जीनस) किंवा कुळ. गूगल लेन्स फुलपाखराला ठीक, माश्यांना बेभरवशाचं. इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर आपल्याकडचे जाणकार बघतात, तिथेही टाका.

आणि दुसऱ्याने सांगितलेल्या नावाला, स्वतःला पटलं नसताना, नुसतं "सहमत" करू नका. दोन माणसांच्या सहमतीने नोंद पक्की धरली जाते आणि पुढे तीच संशोधनासाठी उचलली जाते. "कशावरून?" असं विचारलं तर जाणकार माणसं रागावत नाहीत, उलट त्यांना बरं वाटतं.

जाणकार लोक "अमेगिला एसपी" (म्हणजे अमेगिलातली कुठलीतरी एक जात) म्हणून सोडून देतात, पूर्ण नाव का सांगत नाहीत?

कारण बऱ्याच जाती फक्त सूक्ष्मदर्शकाखाली, कधी नराचे अवयव तपासून, वेगळ्या करता येतात. आपल्या पोया माश्याच घ्या, अनेक जाती डोळ्यांना सारख्याच दिसतात. फोटो कितीही चांगला असला तरी त्यात नसलेली गोष्ट कुणी कशी सांगणार? "अमेगिला एसपी" हे पूर्ण आणि प्रामाणिक उत्तर आहे, त्यापुढे रेटून लावलेलं नाव चुकीची माहिती पसरवतं. तारीख, जागा आणि फोटो नीट असले तर उद्या कुणी त्या गटावर काम केल्यावर तीच नोंद पुढे सरकते.

बाकी कीटकांचं काय? फुलपाखरं, चतुर, भुंगेरे?

थोडक्यात सांगते. फुलपाखरू पंख मिटलेलं आणि उघडलेलं दोन्ही हवं, छोट्या निळ्या फुलपाखरांत तर खालची बाजूच ओळख देते. पतंग बसल्यावर पंख कसे ठेवतो ते जसंच्या तसं टिपा, रात्री पांढरी चादर आणि दिवा लावून बसलात तर भरपूर येतात, जुलैत नॅशनल मॉथ वीक असतो तेव्हा करून बघा. चतुर पंख पसरून बसतो, टाचणी बहुतेक वेळा मिटून, दोघांचाही छातीचा बाजूचा फोटो आणि शेपटीच्या टोकाचा क्लोज-अप लागतो. पावसाळ्यात मैदानावर थव्याने उडणारे पिवळसर चतुर दिसतात ना, त्यातले पँटाला फ्लॅव्हेसेन्स समुद्र ओलांडून आफ्रिकेपर्यंत जातात, त्यांची तारीखवार नोंद ठेवा. भुंगेऱ्याचा वरून आणि बाजूने, ढालकिड्याचे ठिपके मोजता येतील असा. अळी सापडली तर ती कुठल्या झाडावर होती हे न लिहिता फोटो टाकू नका, झाड कळलं की अर्धी ओळख तिथेच होते.

एका नोंदीत किती फोटो टाकू?

एक जीव, एक नोंद. त्याच माशीचे पाच कोन एकत्र टाका, शेजारच्या फुलावरची दुसरी माशी वेगळ्या नोंदीत, जरी सारखी दिसली तरी. कॅमेऱ्यातली तारीख-वेळ बरोबर आहे का ते आधी तपासा. पोळ्याची जागा उघड करायची नसेल तर, आणि मध काढणारे येतील अशी भीती असेल तर करूच नका, लोकेशन अस्पष्ट ठेवायची सोय असते ती वापरा.

मी व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला तर ओळखता येत नाही म्हणाले, घरी तर स्पष्ट दिसतोय!

व्हॉट्सअॅप फोटो दाबून लहान करतं, त्यात पंखांच्या शिरा आणि केस आधी जातात, शिवाय तारीख आणि लोकेशनची माहितीही पुसली जाते. फोटो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा, मग मूळ फाइल जाते. क्रॉप करायचा तर करा पण मूळ फोटो डिलीट करू नका, ब्युटी फिल्टर आणि रंग वाढवणं बंद ठेवा, आणि स्क्रीनशॉट तर पाठवूच नका. सोबत एक ओळ लिहा: कुठे, कधी, कशावर, केवढी.